नकाशावर हिरवं दिसणारं रान आणि पाणलोटाची खरी तब्येत

एप्रिलमधलं सांगली जिल्ह्याचं उपग्रहचित्र उघडलं, तर कृष्णाकाठ गर्द हिरवा दिसतो आणि जत-आटपाडीकडचा माळ तपकिरी. बघणारा लगेच ठरवून टाकतो की काठ निरोगी आणि माळ आजारी. प्रत्यक्षात काठावरच्या उसाखाली भूजल दोन मीटरच्या आत चढलेलं असू शकतं आणि मातीत क्षार साठत असतात. उलट माळावर बांध आणि ताली (उतारावर माती-पाणी अडवणारे मोठे बांध) शाबूत असतील, तर उन्हाळ्यात उघडं दिसणारं रानही आपली माती धरून असतं.

माणसाच्या वावराने शेतीच्या पाणलोटावर काय परिणाम होतो, याचा नकाशा करताना म्हणूनच आधी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. ऊस, बोअर, खत, रस्त्यांचे भराव, वाळूउपसा, गावाचं सांडपाणी हा झाला पाणलोटावरचा दाब. भूजलाची पातळी, मातीतले क्षार, ओढ्यातला गाळ, पाण्यातला ऑक्सिजन ही झाली स्थिती. दाबाचा नकाशा खुर्चीत बसून बराचसा करता येतो. स्थितीसाठी रानात उतरावं लागतं, आणि नेमका तोच भाग बहुतेक नकाशांत अर्धवट राहतो.

सुरुवात हद्दीपासून. पिकांची, खतांची, वीजपंपांची आकडेवारी गाव-तालुक्यानुसार मिळते, पाणी मात्र त्या हद्दी जुमानत नाही. येरळा खटाव तालुक्यात उगम पावते, नेर तलाव आणि येरळवाडी धरणावरून खाली येते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तिची तब्येत पाहायची तर सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे एकत्र घ्यावे लागतात.

हद्द काढायला जमिनीच्या उंचीचं संगणकीय प्रारूप लागतं. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर यानाने रडारने मोजलेल्या उंचीवरून केलेलं ३० मीटरच्या चौकोनांचं प्रारूप फुकट मिळतं, आणि इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅटचंही आहे. क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत काम होतं. प्रारूप आधी यूटीएम ४३ उत्तर या, मीटरमध्ये मोजणाऱ्या, नकाशा-प्रक्षेपात आणायचं. अक्षांश-रेखांशाच्या अंशांतच ठेवलं तर क्षेत्रफळं आणि उतार दोन्ही चुकतात. मग प्रारूपातले खोटे खड्डे भरायचे, प्रत्येक चौकोनातून पाणी कुठल्या शेजारी चौकोनात जाईल ते ठरवायचं, आणि वरून किती चौकोनांचं पाणी येतं ते मोजायचं. ३० मीटरचा एक चौकोन म्हणजे ९०० चौरस मीटर. १,००० चौकोनांच्या पुढे ओढा सुरू होतो असं धरलं, तर सुमारे ९० हेक्टरचं पाणी जमल्यावर नकाशात रेघ उमटते. मुरमाड चढावर याच्या निम्म्यावरही ओघळ पडतो, म्हणून हा आकडा प्रत्यक्ष ओघळी बघून ठरवावा.

सगळ्यात जास्त वेळा चुकतो तो निर्गमबिंदू. पाणलोटाचं तोंड म्हणून ठेवलेला ठिपका ओढ्याच्या रेघेवर नेमका पडला नाही, एक चौकोन जरी बाजूला गेला, तरी हजारो हेक्टरच्या पाणलोटाऐवजी चार शेतांचा तुकडा हाती येतो. दुसरी अडचण सपाट रानाची. पलूस-मिरजेच्या काळ्या रानात जमिनीचा उतार इतका कमी आहे की उंचीच्या मोजमापातली चूक त्याहून मोठी ठरते. रडारला उसाचा शेंडा आणि बांधावरची झाडं जमीन वाटू शकतात, आणि रस्त्याच्या भरावाखालची मोरी तर त्याला दिसतच नाही. अशा ठिकाणी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ के आणि ४७ एल या मालिकांतल्या नकाशांवरून ओढ्यांच्या रेघा घेऊन त्या प्रारूपात खोदून घालाव्यात. एवढं करूनही शंका राहिलीच, तर पहिल्या मोठ्या पावसात मोरीवर उभं राहून पाणी कुठे वळतं ते पाहणं हाच पक्का मार्ग.

पुढचा थर जमिनीच्या वापराचा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रं २०१५ पासून फुकट मिळतात. त्याआधीचा काळ बघायला लँडसॅट आहे, १९८०च्या दशकापासून ३० मीटर तपशिलाचा. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी येण्याआधीचं आणि नंतरचं रान शेजारी ठेवून बघायचं, तर त्याला पर्याय नाही.

पिकं ओळखण्यासाठी एकच तारीख घेतली की घोटाळा झालाच समजा. द्राक्षबागेची एप्रिलमध्ये खरडछाटणी होते आणि पुढचे काही आठवडे ती बाग वरून पडीक जमिनीसारखी दिसते. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पुन्हा तेच. हळद मे महिन्यात लागते, जानेवारीत तिचा पाला वाळतो. उसाचं तर आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा असं चारही वयांचं पीक एकाच शिवारात उभं असतं. त्यामुळे ऑक्टोबरचा मध्य, जानेवारीअखेर आणि एप्रिलअखेर अशा किमान तीन तारखांची चित्रं एकत्र लावावीत. जून ते सप्टेंबर ढगांमुळे अशी चित्रं फारशी उपयोगी पडत नाहीत, तेव्हा ढगांतून पाहणारा सेंटिनेल-१ रडार वापरतात. चित्रांचं पिकांनुसार वर्गीकरण झाल्यावर प्रत्येक वर्गाचे निदान ५० ठिपके रानात जाऊन तपासावेत, आणि ते डांबरी रस्त्याकडेचेच निवडू नयेत, कारण रस्त्याकडेचं रान आतल्या रानासारखं क्वचितच असतं.

आता हिरव्या रंगाखाली काय चाललंय ते पाहू. सिंचनाच्या प्रत्येक पाळीबरोबर थोडे क्षार शेतात येतात. समजा पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, ०.५ डेसिसायमन प्रति मीटर आहे. म्हणजे लिटरमागे ढोबळमानाने ३२० मिलिग्रॅम क्षार. पाटाने मोकळं पाणी देऊन उसाला वर्षाला हेक्टरी २०,००० घनमीटर पाणी दिलं, तर त्यातून ६.४ टन क्षार त्या हेक्टरात उतरतात, एकरी अडीच टनांहून जास्त. पीक पाणी पिऊन हवेत सोडतं, क्षार बहुतांशी मागेच राहतात. काळी जमीन खोल असेल आणि खाली निचरा नसेल, तर भूजल वर चढतं आणि क्षार केशाकर्षणाने पृष्ठभागावर येतात. मग उन्हाळ्यात सऱ्यांच्या माथ्यावर पांढरा थर दिसतो. ऊस मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) ईसी १.७ होईपर्यंत टिकतो, त्यापुढे प्रत्येक एककाला उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घसरतं. द्राक्ष त्याहून हळवं, १.५ च्या पुढे प्रत्येक एककाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ईसी ४ ला पोहोचून जमीन ‘क्षारयुक्त’ ठरते, तोवर उसाचं सातवा हिस्सा उत्पादन गेलेलं असतं. तरीही वरून रान हिरवंच दिसतं, कारण हिरवेपणाचा एनडीव्हीआय हा निर्देशांक दाट पिकात लवकर कमाल गाठतो आणि टनेजमधला फरक त्याला कळत नाही.

क्षारांचा पांढरा थर उपग्रहाला फेब्रुवारी ते मे या काळात मोकळ्या रानात दिसू शकतो. पण चुनखडीचं रान आणि उघडा मुरूमही तसेच चमकतात, म्हणून माती तपासावीच लागते. ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर असे तीन थर वेगवेगळे घ्यावेत. नुसती वरची वीतभर माती घेतली तर पावसाळ्यानंतर सगळं ठीक दिसतं, कारण क्षार तात्पुरते खाली गेलेले असतात. आणि एक खबरदारी अत्यंत महत्त्वाची. आपल्याकडच्या माती परीक्षण अहवालातली ईसी बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाण्यात मोजलेली असते, तर वरचे १.७, १.५, ४ हे आकडे संपृक्त अर्काचे आहेत. दुसऱ्या पद्धतीचा आकडा पहिलीच्या काही पट मोठा येतो. दोन्ही आकडे एकाच नकाशात मिसळले, तर बिघडलेलं रान निरोगी रंगवलं जातं. ईसीबरोबर सामूही (पीएच) हवा. सामू ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना धरून असलेलं, सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे असेल, तर ती चोपण जमीन. तिला नुसतं पाणी देऊन क्षार धुऊन काढायला गेलं तर ती आणखी घट्ट होते, आधी जिप्सम लागतं. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या जमिनींवर काम चालतं.

निळ्या ठिपक्यांचीही अशीच फसगत होते. खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात प्लास्टिकचं अस्तर घातलेली शेततळी दिसतात, आणि पाणलोटाच्या अहवालांत ती जलसंधारणाच्या रकान्यात जाऊन बसतात. पण अस्तराच्या तळ्यातून जमिनीत काहीच मुरत नाही, आणि ते पुष्कळदा बोअरच्या किंवा योजनेच्या पाण्याने भरलेलं असतं. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यावरून रोज ६ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत साडेसहा लाख लिटर पाणी उडून जातं. शेतकऱ्याला बाग जगवायला तळं लागतं, त्यात त्याचा दोष नाही. पण नकाशात हे तळं उपशाच्या, म्हणजे दाबाच्या थरात गेलं पाहिजे. १० मीटरच्या चित्रात असं तळं जेमतेम नऊ चौकोनांचं असतं आणि कडेचे चौकोन जमिनीत मिसळतात, म्हणून मोजणी अधिक तपशिलाच्या चित्रावरून हाताने करावी.

उन्हाळ्यात वाहणारा ओढा हे आनंदाचं लक्षण खरं, पण तो कशाने वाहतो हे विचारलं पाहिजे. सुमारे ५०० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात मे महिन्यात पाणी दिसलं, तर ते मुरलेल्या पावसाचा पाझर असेल किंवा उपसा योजनेच्या कालव्यातून सुटलेलं असेल. ईसीमापक इथे चांगला साक्षीदार ठरतो. कालव्याचं नदीपाणी सहसा कमी ईसीचं असतं, खडकातून आणि शेतातून झिरपलेलं जास्त ईसीचं. कालव्यात, जवळच्या विहिरीत आणि ओढ्यात एकाच दिवशी मोजलं, तर ओढ्याचं पाणी कुणाशी जुळतं ते कळतं. मापक आधी १.४१३ च्या प्रमाणित द्रावणात तपासून घ्यावा. दुसऱ्या खोऱ्यातून आलेलं पाणी पाणलोटाच्या ताळेबंदात वेगळ्या रकान्यात दाखवलं नाही, तर उपसा योजनेचं श्रेय बांधबंदिस्तीला मिळतं आणि वीज थांबली की गणित कोसळतं.

भूजलाचंही तसंच. आपल्या बेसाल्ट खडकात, त्यातल्या झिजलेल्या मऊ मांजऱ्या खडकातसुद्धा, साठवण फार नाही. विशिष्ट उत्पत्ती, म्हणजे खडकातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचं प्रमाण, २ टक्के धरली, तर एक चौरस किलोमीटरमध्ये पातळी एक मीटर उतरणं म्हणजे फक्त २०,००० घनमीटर पाणी, वर धरलेल्या हिशेबाने एका हेक्टर उसाचं वर्षाचं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतली जाते. त्यातली ऑक्टोबर आणि मे यांची जोडी नकाशासाठी पुरेशी आहे. मात्र बोअर आणि उघडी विहीर यांचे आकडे एकत्र करू नयेत, कारण दोन्ही बऱ्याचदा वेगवेगळ्या थरांतलं पाणी दाखवतात.

चढाच्या बाजूला सगळ्यात मोठा प्रश्न मातीचा. शेतजमिनीसाठी वर्षाला हेक्टरी ११.२ टन धूप ही सहन होण्याजोगी मर्यादा मानतात, आणि ती एक मिलिमीटर जाडीच्या थराहूनही कमी भरते. डोळ्याला हे नुकसान दिसत नाही, म्हणून ते पाण्याच्या हिशेबातून पकडावं. भारी जमिनीत उताराच्या दिशेने सरळ ओळींत पेरलेल्या पिकाला कर्व्ह नंबर या, पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते काढण्याच्या, पद्धतीत ८९ हा आकडा देतात, समपातळीवर पेरून ताली घातल्या तर ८१. दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पहिल्या रानातून सुमारे २५ मिलिमीटर पाणी वाहून जातं आणि दुसऱ्यातून १५. फरक १० मिलिमीटरचा, म्हणजे एका पावसात हेक्टरी एक लाख लिटर. द्राक्ष-डाळिंबासाठी यंत्राने माळ फोडताना जुन्या ताली मोडल्या जातात, तेव्हा हेच पाणी माती घेऊन खालच्या नाल्यात उतरतं. म्हणून तालींची लांबी आणि त्या फुटलेल्या जागा हा नकाशाचा स्वतंत्र थर असावा. तो उपग्रहावरून नीट येत नाही, पाणलोट पायी फिरूनच येतो.

हे सगळे थर शेवटी ५०० ते १,००० हेक्टरच्या सूक्ष्म पाणलोटांवर बसवायचे. इथे एक मोह होतो: प्रत्येक घटकाला ० ते १ गुण द्यायचे, भारांक लावायचे आणि सरासरी काढून एकच रंग भरायचा. ते टाळावं. एका पाणलोटात धूप ०.९ आणि क्षारता ०.१ असेल, दुसऱ्यात दोन्ही ०.५, तरी दोघांची सरासरी ०.५ येते. उपाय मात्र एकाला तालींचा हवा आणि दुसऱ्याला निचऱ्याचाही. दाब आणि स्थिती अशा दोन अक्षांवर तीन-तीन पायऱ्या करून नऊ रंगांचा नकाशा काढावा आणि प्रत्येक पाणलोटाचा सगळ्यात वाईट घटक त्यावर अक्षरांत लिहावा. जिथे दाब जास्त पण स्थिती अजून बरी, ते पाणलोट कामाला आधी घ्यावेत, कारण तिथे थोड्या खर्चात नुकसान थांबतं. भारांक वापरायचेच असतील, तर ते २० टक्क्यांनी वर-खाली करून बघावेत. एवढ्याने क्रमवारी उलटी होत असेल, तर ती क्रमवारी जाहीर करू नये.

क्षारपड रानात सच्छिद्र पाइपांची निचरा प्रणाली साधारण मीटर-सव्वा मीटर खोलीवर टाकतात, आणि ती चांगली बसली तर ऊस खरोखर सुधारतो. पण पाइपाचं तोंड ओढ्यात उघडतं. शेतातले क्षार आणि न शोषलेला नत्र तिथूनच बाहेर पडतात, आणि आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे हे लक्षात घेतलं तर तो भार किरकोळ नसतो. म्हणून प्रत्येक तोंडाची जागा नकाशावर घ्यावी, आणि तिच्या वर-खाली ओढ्यातलं पाणी मार्चमध्ये आणि पुन्हा जूनच्या पहिल्या पावसानंतर तपासावं. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर ते पाणी पिण्याला चालत नाही. खालचं गाव कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पिण्यासाठी पाणी उचलत असेल, तर बंधाऱ्याच्या फळ्या घालण्याआधीच हे आकडे त्या गावाच्या ग्रामपंचायतीकडे गेले पाहिजेत.