पुनःसंयोजित हीट शॉक प्रथिनांवरील संशोधन : परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

उष्णतेचा किंवा अन्य कोणता ताण पडला असता पेशीतील इतर प्रथिनांची घडी बिघडू नये म्हणून जी प्रथिने कामाला लागतात, त्यांना हीट शॉक प्रथिने म्हणतात. 'उष्माघात प्रथिने' हा प्रतिशब्द मात्र टाळलेला बरा, कारण तो वाचताच विदर्भातला मे महिना आठवतो. एचएसपी७०, एचएसपी९० आणि जिवाणूंमधील ग्रोईएल ही त्यांतली परिचित नावे होत. संशोधनासाठी ती बहुधा ई. कोलाय या जिवाणूत जनुक घालून तयार केली जातात; अशा प्रथिनांना पुनःसंयोजित म्हणतात. त्यामुळे भारतात अशा कामाला पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील १९८९ चे नियम आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची जैवसुरक्षा मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात.

परवानगीचा अर्ज प्रमुख संशोधकाच्या नावाने जातो, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने तो मार्गदर्शकामार्फत करावा. त्याआधी संस्थेत संस्थात्मक जैवसुरक्षा समिती, म्हणजे बोलीभाषेतली 'आयबीएससी', स्थापन होऊन तिची जैवतंत्रज्ञान विभागाकडे नोंदणी झालेली असली पाहिजे. या समितीत संस्थेतील शास्त्रज्ञांबरोबर बाहेरचा तज्ज्ञ, वैद्यकीय पात्रतेचा जैवसुरक्षा अधिकारी आणि विभागाने नेमलेला सदस्य असतो. नोंदणीची मुदत संपलेली असल्यास अर्ज तिथेच अडतो, म्हणून ती तारीख आधी तपासावी.

पुढचा मार्ग प्रयोगाच्या, धोक्यानुसार पाडलेल्या, वर्गावर ठरतो. पहिल्या वर्गातील कामाची समितीला विहित नमुन्यात माहिती दिली की पुरते. दुसऱ्या वर्गासाठी काम सुरू होण्यापूर्वी समितीची मंजुरी लागते. तिसऱ्या आणि त्यावरील वर्गासाठी समितीनंतर विभागाच्या पुनरावलोकन समितीची, म्हणजे 'आरसीजीएम'ची, मान्यता घ्यावी लागते. निरुपद्रवी ई. कोलायमध्ये मानवी एचएसपी७० तयार करणे आणि क्षयाच्या जिवाणूच्या जनुकावर काम करणे यांना एकाच मापाने मोजू नये. दुसऱ्या बाबतीत जनुक जिवंत जिवाणूपासून घेतले की कृत्रिमरीत्या संश्लेषित केले, हे अर्जात स्पष्ट लिहावे, कारण धोक्याचा विचार तिथूनच सुरू होतो.

अर्जासोबत प्रकल्पाचा सारांश, दाता सजीव, जनुक, वाहक प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारे डीएनएचे छोटे वलय) आणि यजमान, म्हणजे जनुक ज्यात घालायचे त्या, जिवाणूचा नेमका प्रकार, प्रतिजैविक-रोधक जनुकाचा उल्लेख, प्रयोगशाळेची जैवसुरक्षा पातळी, कचरा निर्जंतुक करण्याची पद्धत आणि काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची माहिती द्यावी. 'बीएल२१' हा ई. कोलायच्या बी गटातील प्रकार असून तो के-१२ या दुसऱ्या गटातला नव्हे; तरीही अर्जात सर्रास 'के-१२' लिहिलेले आढळते आणि अशा क्षुल्लक चुकीने फाइल परत येते. प्लाझ्मिड दुसऱ्या संस्थेकडून घेतले असल्यास साहित्य हस्तांतरण कराराची प्रत जोडावी.

तयार प्रथिन परदेशातून मागवायचे असल्यास ते 'नुसते प्रथिन आहे' असे गृहीत धरू नये. नियमांत जनुकीय फेरफार केलेल्या सजीवांबरोबर त्यांच्यापासून मिळालेल्या उत्पादनांचाही विचार केलेला आहे. संशोधनासाठीच्या आयातीची पद्धत २०२० मध्ये सोपी करण्यात आली आणि कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या दोन जोखीम गटांतील, साहित्याचा निर्णय संस्थेच्या समितीकडे सोपवण्यात आला. ऑर्डर देण्यापूर्वी समितीचे पत्र हाती असावे. माल विमानतळावर अडकला आणि कोरडा बर्फ संपला, तर नंतर मिळालेल्या परवानगीचा उपयोग होत नाही.

कागदपत्रांत पुरवठादाराचे विश्लेषण प्रमाणपत्र, म्हणजे त्या मालाच्या तपासणीचे निष्कर्ष देणारा कागद, हे औपचारिकता म्हणून जोडले जाते. प्रत्यक्षात तेच सर्वांत बारकाईने वाचावे. ई. कोलायमध्ये बनलेल्या प्रथिनासोबत त्या जिवाणूच्या भित्तिकेतील एंडोटॉक्सिन, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना चेतवणारे द्रव्य, येऊ शकते. पुनःसंयोजित एचएसपी७० रोगप्रतिकारक पेशींना चेतवते, असे दाखवणाऱ्या काही निरीक्षणांमागे खरे कारण हे एंडोटॉक्सिनच होते, असे २००३ च्या सुमारास स्पष्ट झाले. म्हणून पेशींवर प्रयोग करायचा असेल तर त्या बॅचमधील एंडोटॉक्सिनचे प्रमाण प्रति मिलिग्रॅम किती, हे मागून घ्यावे आणि परिणाम प्रथिनाचा की एंडोटॉक्सिनचा हे ओळखण्यासाठीच्या नियंत्रण-प्रयोगाचा आराखडा अर्जातच मांडावा.

हेच प्रथिन उंदरांना टोचायचे असल्यास संस्थात्मक प्राणी नैतिकता समितीची, आणि मानवी रक्तपेशी वापरायच्या असल्यास संस्थात्मक नैतिकता समितीची मंजुरी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. मंजुरीनंतर यजमान जिवाणू, जनुक किंवा कामाचे ठिकाण बदलल्यास समितीला लेखी कळवून नवा निर्णय येईपर्यंत ते काम थांबवावे.