दुर्मीळ आजाराची सरकारी मदत: फाइलवर संसर्गाचे नव्हे, जन्मजात दोषाचे नाव हवे

मुलाचा ताप महिनोन्‌महिने उतरत नाही, प्लीहा वाढते आणि पांढऱ्या पेशींमध्ये एपस्टाईन-बार विषाणू (ईबीव्ही) ठाण मांडून बसल्याचे निदान होते. मग ‘ईबीव्ही पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट हाती धरून पालक अर्ज करायला निघतात आणि तिथेच त्यांचा अर्ज अडतो. हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर निमूटपणे राहतो, आणि प्रतिपिंडांच्या रिपोर्टवरून बहुधा तो कधीतरी शरीरात शिरला एवढेच कळते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातली मदत मात्र आजारांच्या ठरलेल्या यादीवर चालते. तिच्या पहिल्या गटात, म्हणजे एकदाच केलेल्या उपचाराने बऱ्या होऊ शकणाऱ्या आजारांत, एससीआयडी (प्रतिकारशक्तीचा तीव्र संयुक्त अभाव), क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज आणि विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम हे प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष नावानिशी दिलेले आहेत. मुलग्यांमध्ये याच विषाणूला जीवघेणा करणारा एक्सएलपी हा आईकडून येणारा जन्मजात दोष किंवा अन्य दोष असल्यास तो यादीत बसतो का, हे कागद जमवण्याआधीच या धोरणाखाली नेमलेल्या दुर्मीळ आजारांच्या उपचार केंद्रात विचारून घ्यावे.

मुंबईसाठी हे केंद्र परळच्या केईएम रुग्णालयात आहे. तिथे तपासणी आणि नोंदणी होते. मदतीची मर्यादा २०२२ पासून ५० लाख रुपये आहे; ती रक्कम उपचार करणाऱ्या केंद्राकडे जाते, पालकांच्या खात्यात नाही.

सर्वांत अवघड कागद म्हणजे जनुकीय तपासणीचा रिपोर्ट. त्यावर ‘व्हीयूएस’ ही तीन अक्षरे असतील, तर दोष सापडला असे समजू नये. जनुकात बदल दिसला, पण तोच आजाराचे कारण आहे हे ठरलेले नाही, असा त्याचा अर्थ आहे. अशा वेळी आईवडिलांच्या रक्ताची तपासणी आणि संबंधित प्रथिन पेशींत आहे की नाही हे पाहणारी फ्लो सायटोमेट्री उपयोगी पडते. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांच्या अशा तपासण्या केईएमच्याच आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होतात. मुलाला नुकतेच रक्त चढवले असेल, तर नमुना देताना ते आवर्जून सांगावे, कारण रक्तदात्याच्या पेशींमुळे निष्कर्ष फसू शकतो.

आधार कार्ड, जन्मदाखला, केस पेपर यांत विशेष अडचण नसते, फक्त नावे जुळायला हवीत. जन्मानंतर लगेच झालेल्या तपासण्यांवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव एवढेच असते. ते बाळ आणि हा सहा वर्षांचा मुलगा एकच, हे टेबलामागच्या माणसाला पटवता पटवता दुपार होते, म्हणून त्या रुग्णालयातून तसे लेखी पत्र आधीच घ्यावे. थोरला मुलगा किंवा मामा अशाच आजाराने लहानपणी गेला असेल, तर त्याचे डिस्चार्ज कार्ड फेकू नये. आईकडून मुलाकडे येणाऱ्या दोषाच्या निदानात डॉक्टरांना त्याचा मोठा आधार होतो.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मात्र रांग लावू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील अपंगत्वाच्या २१ प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेल आहेत, प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष नाहीत, आणि हे खिडकीपाशी पोहोचण्याआधी कोणी सांगत नाही.