खुंटलेली उंची आणि सुजलेलं आतडं

“आमच्या घराण्यात सगळेच बुटके, पोर उंच होणार कुठनं?” कर्नाटकातल्या निपाणी-खानापूर भागात मुलांची उंची मोजायला बसलं की हे हमखास ऐकू येतं. दोन वर्षांखालच्या मुलाला पाटीवर आडवं झोपवतात, एकीनं डोकं धरायचं, दुसरीनं गुडघे सरळ दाबायचे. आकडा कमी आला की दोष आजोबांच्या माथी. पण जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 मध्ये वाढीची मानकं काढली, ती भारत, नॉर्वे, घाना, ओमान, ब्राझील आणि अमेरिकेतल्या मुलांवरून. चांगलं खाणंपिणं नि आरोग्य मिळालेली ही मुलं पहिल्या पाच वर्षांत जवळपास सारखीच वाढली. कर्नाटकात मात्र 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची 35.4 टक्के मुलं खुंटलेली, म्हणजे वयाच्या मानानं फार बुटकी निघाली. एवढा फरक रक्तातून येत नाही.

मग पोटभर जेवणारं मूलही का खुंटतं? लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नरस शोषला जातो तो तिथेच. परड्यात कोंबड्या-शेरडांमागे रांगणारं मूल मातीचा हात तोंडात घालतं. रोज थोडे थोडे जंतू पोटात गेले की हे उंचवटे झिजून आखूड होतात, पेशींमधले सांधे सैल पडतात आणि जंतूंचे तुकडे रक्तात शिरतात. जुलाब होतीलच असं नाही. शरीर मात्र सतत लढत राहतं. इंटरल्यूकिन-6 सारखे दाहाचे, म्हणजे सुजेचे, रासायनिक संदेश वाढतात, यकृतातून आयजीएफ-1 हे वाढीचं संप्रेरक कमी सुटतं आणि हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेतल्या पेशींचं विभाजन मंदावतं. दृष्ट काढून किंवा जाहिरातीतली उंचीची पावडर पाजून यातलं काहीही बदलत नाही.

नुसता संडास बांधूनही भागत नाही. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल 2018-19 मध्ये आले. संडास, साबण, पाण्यासाठी क्लोरीन दिलं तरी तेवढ्यानं उंची वाढली नाही. पूरक आहारानं थोडी वाढली. घाण पुरेशी हटलीच नसावी, असा बऱ्याच संशोधकांचा कयास आहे.

म्हणून डॉक्टर, पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर, जनावरांचे डॉक्टर आणि अंगणवाडीच्या बाई एका बैठकीत हव्यात. गरोदर बायकांना अंगणवाडीत गरम जेवण देणारी कर्नाटक सरकारची ‘मातृपूर्ण’ योजना 2017 पासून आहे, ती चांगलीच आहे. पण उसाच्या फडात गेलेली बाई दुपारी अंगणवाडीत पोचणार कशी? पुढच्या ग्रामसभेत नळाचं पाणी, कोंबड्यांचं खुराडं आणि फडावर पोचणारा जेवणाचा डबा, तिन्ही विषय एकत्र मांडा.