निदान-अचूकता अभ्यास

रोग ओळखण्याची एखादी चाचणी कितपत खरी ठरते, हे प्रत्यक्ष रुग्णांवर तपासणारे वैद्यकीय संशोधन. औषधाच्या अभ्यासात सहसा रुग्णांचे दोन गट पाडतात. इथे एकाच रुग्णावर दोन चाचण्या होतात. एक नवी आणि दुसरी सर्वांत भरवशाची मानलेली संदर्भ चाचणी. आजार असलेल्यांपैकी जितके नव्या चाचणीत पॉझिटिव्ह येतात ते प्रमाण म्हणजे संवेदनशीलता. आजार नसलेल्यांपैकी जितके निगेटिव्ह येतात ते प्रमाण म्हणजे विशिष्टता.

क्षयरोगासाठीच्या ‘एक्सपर्ट’ या जनुकीय चाचणीचा 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हे याचे ठळक उदाहरण. लिमा, बाकू, केप टाउन, डर्बन आणि मुंबई इथल्या 1,730 संशयित रुग्णांचा त्यात समावेश होता. प्रत्येकाकडून बेडक्याचे तीन नमुने घेतले आणि जंतूंचे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे, ही संदर्भ चाचणी ठरवली. थेट नमुना तपासताना बेडक्यात दुप्पट द्रावण घालून पंधरा मिनिटे ठेवायचे आणि त्यातले 2 मिलि काडतुसात (यंत्रात बसणाऱ्या चाचणीच्या डबीत) भरायचे. दोन तासांच्या आत निकाल मिळतो, रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे प्रमुख औषध लागू पडेल की नाही हेही कळते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसलेल्या रुग्णांत एका चाचणीची संवेदनशीलता 98.2 टक्के आली. तिथे जंतू न दिसलेल्या, पण कल्चर पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांत ती 72.5 टक्केच होती. तीन नमुने तपासल्यावर 90.2 टक्क्यांपर्यंत गेली. एकच सरासरी छापली असती तर हा फरक झाकला गेला असता, आणि डॉक्टरला गरज नेमकी याच फरकाची असते.

अशा अभ्यासात घोटाळा बहुधा रुग्ण निवडतानाच होतो. एका बाजूला आजार बळावलेले रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत रक्तदाते घेतले, तर कुठलीही चाचणी उत्तम दिसते. म्हणून ओपीडीत संशयाने आलेले रुग्ण ओळीने घ्यावे लागतात. संदर्भ चाचणी फक्त पॉझिटिव्ह आलेल्यांचीच केली, तर सुटलेले रुग्ण कधीच मोजले जात नाहीत. निकाल वाचणाऱ्याला दुसऱ्या चाचणीचा निकाल ठाऊक असू नये; पॉझिटिव्ह धरण्याची मर्यादा आकडे पाहून नव्हे, आधीच ठरवावी; अस्पष्ट निकालही मोजणीत दाखवावेत. हे सारे नोंदवण्यासाठी ‘स्टार्ड’ ही यादी 2003 मध्ये आली; 2015 च्या सुधारित यादीत 30 मुद्दे आहेत.

चाचणी तीच असली तरी पॉझिटिव्ह निकालाचे वजन वस्तीप्रमाणे बदलते. संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही 90 टक्के धरू. हजारांत 200 आजारी असतील तर 260 जण पॉझिटिव्ह येतील, त्यांतले 180 खरे. हजारांत 10 च आजारी असतील तर 108 पॉझिटिव्ह येतील आणि खरे फक्त 9. उरलेल्या 99 जणांना विनाकारण औषधे, धास्ती आणि खर्च.

रक्तातील प्रतिपिंडे (जंतूंविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) पाहून क्षय ओळखणाऱ्या चाचण्या भारतात वर्षानुवर्षे सर्रास विकल्या गेल्या. उपलब्ध अभ्यास एकत्र पडताळल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये त्या वापरू नयेत असे सांगितले. 2012 मध्ये भारताने त्यांवर बंदी घातली.

अचूकता सिद्ध झाली म्हणजे रुग्णाचा फायदा सिद्ध झाला असे नाही. त्यासाठी वेगळा, गट पाडून केलेला अभ्यास लागतो. आफ्रिकेतील चार देशांत 1,502 रुग्णांवर केलेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात ‘एक्सपर्ट’मुळे त्याच दिवशी उपचार सुरू होणाऱ्यांची संख्या वाढली, पण काही महिन्यांनंतरच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. तिथले डॉक्टर लक्षणे आणि एक्स-रे पाहून निगेटिव्ह रुग्णांनाही औषधे सुरू करतच होते.