जुन्या ताण्याला नवा बीम: ईमेल आणि सॉफ्टवेअर बदलण्यामागचा इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५. दिवाळी आठवड्यावर आलेली, सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत बोनसचे हिशेब चाललेले. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०, आणि कंपन्यांची मेल सांभाळणारी एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि एक्स्चेंज सर्व्हर २०१९, या तिघांचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. मशीन बंद पडली नाहीत, मेल येत-जात राहिली; पण सुरक्षेची भोकं बुजवणारे अपडेट पूर्वीसारखे आपोआप येणं संपलं. तेव्हापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि नवी पेठेतल्या कार्यालयांत एकच प्रश्न ऐकू येतो: "नवीन घेऊ हो, पण जुन्याचं काय करायचं?"

या प्रश्नाची मुळं पन्नास वर्षं मागे जातात. १९७३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाच्या शिकवणीच्या संगणकावर डेव्हिड वूली या विद्यार्थ्याने 'नोट्स' नावाची सोय लिहिली. एकाने अडचण मांडायची, खाली दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि कुणी कुणाचं लिहिलेलं पुसू शकणार नाही, एवढीच ती सोय. तिथेच शिकलेल्या रे ऑझी यांनी १९८४ मध्ये आयरिस असोसिएट्स ही कंपनी काढली. पैसा लोटस कंपनीचा होता. डिसेंबर १९८९ मध्ये लोटस नोट्स बाजारात आलं.

नोट्सला केवळ ईमेलचं सॉफ्टवेअर म्हणणं अन्यायाचं ठरेल. त्यात सगळंच डेटाबेस होतं. मेलचा डबाही डेटाबेस, रजेचे अर्जही डेटाबेस, ग्राहकांच्या तक्रारीही डेटाबेस. थोडं शिकलेला कारकूनसुद्धा त्यात फॉर्म बनवू शके, मंजुरी कुणाकडून कुणाकडे जावी ते ठरवू शके. फोनलाइन महाग आणि तुटक असलेल्या त्या काळात दोन शहरांतल्या प्रती रात्री एकमेकींशी जुळवून घेत. सकाळी दोन्हीकडे सारखंच दिसे. मला हे आजही थोर काम वाटतं. आणि बाहेर पडणं अवघड झालं तेही याच गुणामुळे.

कारण मेलला एक सर्वमान्य साचा आहे. १९८२ मध्ये आरएफसी ८२१ आणि ८२२ या दोन दस्तांनी पत्र कसं पाठवायचं आणि त्याचा मायना कसा असावा हे ठरवून दिलं. त्यामुळे एका कंपनीच्या डब्यातलं पत्र दुसऱ्या कंपनीच्या डब्यात नेता येतं. नोट्समध्ये बनवलेल्या रजेच्या अर्जाला मात्र असा साचा नाही. तो नोट्समध्येच जगतो. मेलमध्ये अमुक फाइल पाहा अशी खूण असते, ती दुसऱ्या डेटाबेसकडे बोट दाखवते. मेल हलवली की बोट उरतं, डेटाबेस मागे राहतो. काही पत्रं नोट्सच्या स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद केलेली असतात. ती आधी उघडून घेतली नाहीत तर नव्या घरात नुसती बंद पेटी पोचते.

१९९५ मध्ये आयबीएमने लोटस ३.५ अब्ज डॉलरना विकत घेतली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज ४.० आलं, २००६ मध्ये गूगलने ग्राहकाच्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे कंपनीच्या नावाच्या पत्त्यावर, मेल द्यायला सुरुवात केली, २०११ मध्ये ऑफिस ३६५ आलं, आणि सर्व्हर कार्यालयात ठेवायची गरजच उरली नाही. मोठ्या कंपन्या नोट्समधून बाहेर पडू लागल्या, तशी फक्त हे बाहेर पडणं करून देणाऱ्यांची वेगळी जमात तयार झाली. डिसेंबर २०१८ मध्ये आयबीएमने नोट्स आणि त्याचा सर्व्हर डोमिनो आपल्या एचसीएल टेक्नॉलॉजीजला इतर काही सॉफ्टवेअरसह १.८ अब्ज डॉलरना विकायचं जाहीर केलं. २०१९ च्या मध्यात तो व्यवहार पूर्ण झाला. अमेरिकेत जन्मलेलं हे सॉफ्टवेअर आज भारतीय कंपनी सांभाळते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

सोलापूरचा जुना प्लॅटफॉर्म मात्र वेगळा. इथल्या कारखान्यांत माझ्या पाहण्यात नोट्स क्वचितच आलं. इथे जुनं म्हणजे मेलसाठी आउटलुक एक्सप्रेस, फॉक्सप्रो या डेटाबेसच्या साधनात लिहून घेतलेलं बिलाचं सॉफ्टवेअर आणि जुन्या फॉन्टमधली मराठी.

मेलचं आधी सांगतो. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. मेल उतरवून घ्यायची तेव्हाची रूढ पद्धत पीओपी३. ती १९८८ सालची. टपाल पेटीतून काढून घरी न्यावं तशी पत्रं सर्व्हरवरून मशीनवर यायची आणि सर्व्हरवरची प्रत पुसली जायची. डायल-अपच्या दिवसांत हे योग्यच होतं. पण त्यामुळे निर्यातीचा सगळा पत्रव्यवहार एक्सपोर्ट बघणाऱ्या एका माणसाच्या एका हार्डडिस्कवर साठत गेला. आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटी फाइलला, म्हणजे आउटलुक ज्यात मेल साठवतं त्या फाइलला, २ जीबीची मर्यादा होती. ती ओलांडली की फाइल उघडेना. एका टॉवेल कारखान्यात मी स्वतः पाहिलं आहे: परदेशी ग्राहकाने आधीच्या ऑर्डरला किती जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम वजन) मान्य केले होते, यावरून वाद लागला. मंजुरीची मेल होती, पण ती बदललेल्या मशीनच्या डिस्कवर, आणि डिस्क गेलेली. मालकांनी पदरचे पैसे घालून ग्राहक राखला. त्या दिवशी हळहळ वाटली ती मेलसाठी. एवढ्या साध्या गोष्टीची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

गूगलच्या या डोमेन-मेलच्या मोफत योजनेत शिरलेले छोटे व्यापारीही असेच अडकले. ६ डिसेंबर २०१२ पासून ती नव्या ग्राहकांना बंद झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये जुन्यांनाही पैसे भरा असं कळवण्यात आलं. पुढे घरगुती वापरापुरती सूट मिळाली, पण धंद्यासाठी नाही.

सॉफ्टवेअरची गोष्ट याहून कठीण. सुताची आवक, बीमचा (ताण्याचे धागे गुंडाळलेल्या रुळाचा) हिशेब, पीस रेटवरची मजुरी, हप्ता, उचल: हे सगळं बाजारात तयार मिळत नव्हतं. म्हणून सोलापुरातल्याच पोरांनी फॉक्सप्रोत लिहून दिलं, आणि चांगलं लिहून दिलं. मायक्रोसॉफ्टने फॉक्स कंपनी १९९२ मध्ये घेतली, व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ नंतर पुढची आवृत्ती काढली नाही, आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याचाही सपोर्ट संपवला. डॉसच्या काळातले प्रोग्रॅम तर ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालतच नाहीत. तरीही लोक थांबले. हलवलं ते कायद्याने: १ जुलै २०१७ ला जीएसटी, १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस, आणि कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर. जुन्या प्रोग्रॅममध्ये झालेली नोंद माग न ठेवता बदलता येई. तिथे नवीन घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आणि मग निघाली मराठी. मजुरीच्या रजिस्टरमधली नावं श्रीलिपी, आकृती किंवा तशाच फॉन्टमध्ये. या फॉन्टनी मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकावर बसवली होती. फॉन्ट काढला की 'माणिक'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरी आहे, पण रूपांतर सरळ होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर. रफाराचं नेमकं उलट. शिवाय प्रत्येक फॉन्टचा क्रमांकांचा तक्ता वेगळा, म्हणून आधी मूळ फॉन्ट कोणता हे शोधावं लागतं. त्यात आपल्याकडे पद्मशाली समाजाची तेलुगू आडनावं मराठी लिपीत लिहिलेली. एकाच माणसाचं आडनाव मजुरीत 'येमुल', पीएफमध्ये 'येमूल'. यंत्राला ही दोन माणसं वाटतात. ही जुळवणी मशीनवर सोडू नये असं माझं ठाम मत आहे. हजेरी लिहिणाऱ्या जुन्या माणसाला शेजारी बसवून यादी वाचून घ्यावी. त्या माणसाची वर्षांची मेहनत त्या अक्षरांत आहे, आणि कामगाराच्या पीएफचा पैसाही.

हे काम काय आहे ते मागावर काम केलेल्यांना मी असं सांगतो. बीम संपत आला की जुन्या ताण्याची टोकं वहीफणीत (मागावर धागे ओवायच्या चौकटीत) तशीच ठेवतात, नव्या बीमचा एकेक धागा त्याला गाठ मारून जोडतात आणि गाठी पुढे ओढून घेतात. कापडाचं डिझाईन तेच असेल तर एवढ्यावर माग पुन्हा चालू होतो. मेल हलवणं असं आहे. डिझाईन बदललं तर मात्र प्रत्येक धागा वहीफणीतून नव्याने भरावा लागतो. सॉफ्टवेअर बदलणं हे असं आहे. गाठीच्या खर्चात भरणी करून मागणाऱ्याला आधीच नाही म्हणावं.

मेलच्या गाठी मारायची रीत आता पक्की झाली आहे. आधी जुनी पत्रं मागच्या मागे नव्या डब्यात भरत राहायचं, जुनं चालू ठेवून. डोमेनच्या नोंदी इतर सर्व्हरनी किती वेळ लक्षात ठेवायच्या ती मुदत एक-दोन दिवस आधी काही मिनिटांवर आणायची, मग मेल कुठल्या सर्व्हरकडे जावी हे सांगणारी एमएक्स नोंद बदलून नवी पत्रं नव्या दारात वळवायची, आणि मधल्या काळात जुन्या दारात पडलेली शेवटची खेप उचलायची. पत्र खरंच आपल्याच डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदी त्याच वेळी कराव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू त्याबाबत कडक झाले आहेत. एक्स्चेंजमधून निघताना आणखी एक खाच: आउटलुक सहकाऱ्याचा पत्ता आतल्या जुन्या नावाने लक्षात ठेवतं, म्हणून जुन्या मेलला उत्तर दिलं की ते परत येतं. ते जुनं नाव नव्या खात्याला जोडून द्यायचं, एवढाच इलाज.

जुनं मशीन लगेच भंगारात देऊ नये. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि फॉक्सप्रोमधली बिलं मूळ प्रोग्रॅमशिवाय जशीच्या तशी दिसत नाहीत. तो जुना विंडोज, त्यातला प्रोग्रॅम आणि फॉन्टसुद्धा, एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या संगणकात) जसाच्या तसा उतरवून, इंटरनेट तोडून ठेवायचा. त्याचा पासवर्ड आणि उघडायची रीत कागदावर लिहून तो कागद मालकांच्या तिजोरीत ठेवायचा, दुसरी प्रत सीएंकडे द्यायची.