एस्टोनिया, आधार आणि नंदुरबारची लोकसंख्या

डिजिटल सरकारचा विषय निघाला की कोणीतरी एस्टोनिया या युरोपातल्या छोट्या देशाचं नाव काढतंच. तिथे घरबसल्या मतदान होतं मग आपल्याकडे का नाही, आणि लगेच दुसरा म्हणतो अहो तिथे माणसं किती, जेमतेम 13 लाख! झालं, विषय संपला. मला दोघांचंही अर्धंच पटतं, म्हणून जरा मागे जाऊन बघू.

एस्टोनिया 1991 ला सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडला. 2002 पासून चिपवालं ओळखपत्र, 2005 ला स्थानिक निवडणुकीत इंटरनेटवरून मतदान, आणि 2023 च्या संसदेच्या निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन. पण मुद्दा असा की कार्ड यायच्या आधीच प्रत्येकाची नोंद आणि नंबर सरकारदरबारी होता, कार्ड फक्त त्यावर चढवलं.

आपल्याकडे तीच नोंद नव्हती. 2009 मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नंदन नीलेकणी यांच्याकडे आधारचं काम आलं तेव्हा कितीतरी लोकांकडे जन्मदाखलासुद्धा नव्हता, त्यामुळे पहिला प्रश्न हा की समोर बसलेला माणूस आधीच दुसऱ्या नावाने येऊन गेलाय का. म्हणून दहा बोटं, दोन्ही डोळे, फोटो, आणि प्रत्येक नवीन माणूस आधीच्या सगळ्यांशी ताडून बघायचा. इथे लोकसंख्या खरी नडते, कारण माणसं दुप्पट झाली की तपासायच्या जोड्या जवळपास चौपट होतात. टक्केवारीचंही तसंच, 1 टक्का लोकांचं काम अडलं तर एस्टोनियात 13 हजार माणसं, ती हेल्पलाइनवर निभावतील, आपल्याकडे 1 कोटी 40 लाख, म्हणजे दहा एस्टोनिया रेशन दुकानाबाहेर उभे, 'अंगठा लागत नाही' म्हणून.

पहिलं आधार दिलं गेलं 29 सप्टेंबर 2010 ला, नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातल्या टेंभलीला, मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. आता गंमत बघा, 2011 च्या जनगणनेत नंदुरबारची लोकसंख्या साडेसोळा लाखाच्या आसपास, म्हणजे एकटा जिल्हाच एस्टोनियापेक्षा मोठा. मग नंदुरबारला का नाही जमत, असं विचारता येईल? तर नाही, कारण एस्टोनियाकडे 101 जणांची संसद आहे, स्वतःचे कायदे, स्वतःचा टॅक्स, आणि नंदुरबारकडे कलेक्टर आणि झेडपी. आकडा जुळला म्हणून अधिकार जुळत नाहीत, आणि हे कोणी धरतच नाही.

उलट बाजूपण आहे. 'आपली लोकसंख्या जास्त' हे सगळीकडे ढालीसारखं पुढे करतात, पण आधारने 2016 मध्ये 100 कोटींचा टप्पा गाठला आणि त्याच वर्षी यूपीआय आलं, तेही लहान देशांना हेवा वाटेल असं. तिथे गर्दी कामाला आली, कारण एकदा सिस्टिम उभी राहिली की माणशी खर्च खाली येतो.

तुलना करायचीच तर इंडोनेशियाशी करा ना. तिथेपण 2011 च्या सुमारास बायोमेट्रिक ओळखपत्राचं काम सुरू झालं, देश 25 कोटींच्या घरातला, हजारो बेटं. आणि तिथलं लफडं लोकसंख्येमुळे नाहीच झालं, कंत्राटात पैसे खाल्ले गेले, संसदेचे माजी सभापती सेत्या नोवांतो यांना 2018 मध्ये 15 वर्षांची शिक्षा झाली.