परदेशी शिंपल्या कोकणच्या पाण्यात येतात कशा?

मुंबईच्या नौदल गोदीत १९७०च्या दशकात एक अनोळखी शिंपली सापडली. रंग काळपट, लांबी जेमतेम इंचभर. शिनाण्याचं, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या खाण्याच्या हिरव्या शिंपलीचं, पिल्लू समजून कोणीही सोडून दिली असती. ही होती मायटिलॉप्सिस सॅली, मूळची कॅरिबियन समुद्राच्या बाजूची. आपल्याकडे ती त्याआधी १९६७च्या सुमारास विशाखापट्टणमच्या बंदरात दिसली होती. तिथून ती नौदलाच्याच जहाजांच्या बुडाला चिकटून मुंबईत आली असावी, असा अंदाज आहे आणि तो पटण्यासारखा आहे.

बुडाला चिकटून प्रवास करणं शिंपल्यांना नवं नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे मराठा आरमाराची गोदी होती. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की तळ खरवडायचा. खरवडलेलं सगळं तिथेच पडायचं. कोणत्या बंदरातून काय आलं याची नोंद तेव्हा कोण ठेवणार? त्यामुळे आज आपल्या खडपांवर दिसणाऱ्या काही जीवांबद्दल ते इथलेच की शेकडो वर्षांपूर्वी आलेले पाहुणे, हे शास्त्रज्ञही छातीठोकपणे सांगत नाहीत.

लोखंडी आगबोटी आल्या आणि दुसरी वाट उघडली. रिकामं जहाज स्थिर राहावं म्हणून पूर्वी तळाशी दगड-वाळू भरत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून टाक्यांत समुद्राचं पाणीच भरू लागले. या बॅलास्ट पाण्यात शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं सहज येतात. म्हणून माल उतरवणाऱ्या बंदरापेक्षा माल भरणाऱ्या बंदराला धोका जास्त. जयगडला कोळसा घेऊन येणारं जहाज भरलेलं असतं, पाणी कमीच आणतं. रेडी किंवा मुरगावला लोहखनिज न्यायला येणारं जहाज मात्र रिकामं येतं आणि टाक्यांतलं पाणी इथे सोडतं. आपल्याकडे बंदरांवरची चर्चा धूर आणि तेलापुढे क्वचितच जाते, या पाण्याकडे लक्ष कमी.

आता या शिंपलीला कोकण का मानवेल ते पाहा. आपल्या खाड्यांचं पाणी पावसाळ्यात जवळजवळ गोडं होतं, मे महिन्यात चांगलंच खारट. शिनाण्यांना गोडं पाणी सोसत नाही. दोरावर शिनाणे वाढवणारे पावसाआधीच माल काढतात तो म्हणूनच. मायटिलॉप्सिसला गोडं-खारं दोन्ही चालतं. ती महिन्याभरात वयात येते आणि हजारोंनी अंडी सोडते. एकीवर एक थर चढवत ती जेटीचे खांब, जाळी, पाइप झाकून टाकते. खाडी तिच्यासाठी तयार घर आहे.

केरळमध्ये दुसरी एक पाहुणी, दक्षिण अमेरिकेची मायटेला, अष्टमुडी आणि कोचीच्या पाण्यात पसरली. त्याच्या नोंदी २०१९मध्ये प्रसिद्ध झाल्या. अष्टमुडीतला तिसऱ्यांचा धंदा मोठा, २०१४मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवलेला. सिंधुदुर्गात बचत गटांच्या बाया शिनाणे आणि कालवं वाढवू पाहत असताना ही बातमी दूरची म्हणून सोडून देता येत नाही.

एकदा बसलेली शिंपली उपटून काढल्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचं. १९९९मध्ये तिथल्या मरिनांमध्ये, म्हणजे खासगी नौका ठेवायच्या गोद्यांमध्ये, मायटिलॉप्सिस सापडताच त्यांनी दरवाजे बंद केले, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं आणि काही आठवड्यांत ती संपवली. सोबत आतलं बाकीचंही मेलं. त्या मरिनांना दरवाजे होते म्हणून हे जमलं. उधाणाला पाच मीटरपर्यंत चढउतार होणाऱ्या मुंबई बंदराला कुठून दरवाजे लावणार?

राहिला नियम. मुंबई २०००च्या सुमारास जागतिक बॅलास्ट प्रकल्पातल्या सहा नमुना बंदरांपैकी एक होतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिथल्या जीवांची मोजदाद केली. २००४चा आंतरराष्ट्रीय बॅलास्ट करार २०१७मध्ये लागू झाला. पण बुडाला चिकटून येणाऱ्यांसाठी २०११ची, २०२३मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती ऐच्छिक. मुंबईत महिनोन्‌महिने नांगरलेला बार्ज किंवा ड्रेजर कोकणातल्या एखाद्या खाडीत कामाला गेला, तर त्याचा तळ आधी खरवडला का, हे विचारण्याची सक्ती त्यांत कोणावरच नाही.